विळीच्या जागेवरून दिसणारी लेन्स

होसतोट, ता. सिद्दापूर
१४ एप्रिल १९९१

चि. रमण यास नागवेणीअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. युगादीला तू धाडलेली शाल पोचली. यांच्या अंगावर घातली. यांना ती आवडली की नाही, देव जाणे. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे पडून आहेत. वाचाही गेली. एकच शब्द उरलाय, 'ते'. भूक लागली तरी ते, पाठीला खाज सुटली तरी ते. काय हवंय ते मी ओळखायचं, आणि चुकलं तर डोळे वटारलेले बघायचे.

सिरसीचे डॉक्टर म्हणाले की हातात जीव यायचा तर यांना आपणहून काही करावंसं वाटलं पाहिजे, त्याला गोळी नाही. दाबायला रबराचा चेंडू दिला. तो यांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. रमण, खरं सांगते, मला त्या हाताची भीती नाही वाटत, भिंतीची वाटते. माझे सासरे असेच भिंतीकडे बघता बघता गेले.

म्हणून एक मनात आलंय. तुझे भावोजी साधी लेन्स उलटी करून, हातानं कॅमेऱ्यावर दाबून धरून मुंग्यांचे फोटो काढायचे, तू पाहिलं आहेस. जवळचं टिपणारी खरी लेन्स घ्यायची म्हणून किती वर्षं जुने कॅटलॉग चाळत बसले. घेतली कधीच नाही. या घरात मूल नाही, कॅमेरा हेच काय ते मूल. ती लेन्स आता घ्यावी म्हणते. कोणती, ते तू सांग. तुझं तर रोजचं कामच कॅमेरे उघडण्याचं.

बागेतल्या प्रत्येक किड्याचा फोटो या घरात आहे, माझा एकही नाही. लग्नातला एक आहे, तोही दुसऱ्यानं काढलेला, आणि त्यात माझं अर्धं तोंड मांडवाच्या खांबामागं.

माझं बरं आहे. डाव्या टाचेला भेगा पडून कुरूप झालंय, त्यावर काजूच्या टरफलाचं तेल लावते. पाय काळा झालाय, पण अनवाणी बागेत फिरणाऱ्या बाईचा पाय आणखी कसा असणार. पत्राचं उत्तर लवकर दे, आणि अक्कावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
नागवेणी

———

बेंगळूर
२५ एप्रिल १९९१

ती. नागवेणीअक्कास रमणचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून गलबललो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू उपसतो, संध्याकाळी घरी आलं की माणसं दोन-दोन दिसतात. त्यातच तुझं पत्र दोनदा वाचलं.

अक्का, लेन्सचं म्हणशील तर दुकानात येणारा प्रत्येक जण आधी किती मोठं दिसेल ते विचारतो. ते महत्त्वाचं नाही. मोठं सगळ्याच दाखवतात. फरक असतो तो लांबून दाखवतात की जवळून, याचा. पन्नास मिलिमीटरची लेन्स हलकी, सुटसुटीत, पण तिला फुलाला नाक लावावं लागतं. किडा उडून जातो, आणि आपलीच सावली फुलावर पडते. शंभरची घेऊन माणूस बागेत हिंडू शकतो. दोनशेची हातभर लांबून टिपते, पण ती जड. हात जरा थरथरला की सगळं पुसट, स्टॅन्डशिवाय तिचं पान हलत नाही.

तेव्हा तू मला एवढं सांग. भावोजी कुठं असतात, बसतात का, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात काय काय येतं. किंमत विचारू नकोस, विचारलीस तर पत्र लिहायचं बंद करीन.

टाचेचं त्या तेलावर भागवू नकोस, जरा गरम पाण्यात पाय ठेवत जा. तू दुसऱ्याचा पाय चेपशील पण स्वतःचा बघणार नाहीस, हे आईही म्हणायची. भावोजींना नमस्कार सांग. आठवणीत असू द्यावं, एवढीच मागणी.

तुझा,
रमण

———

होसतोट
६ मे १९९१

चि. रमण यास अ. आ.

तू विचारलेलं सांगते. खाट पडवीत आणलीय. पाठीशी तक्क्या ठेवला की घटकाभर बसतात, पण पुढं वाकता येत नाही. समोर खांब, त्याला ऑर्किडची कुंडी टांगलेली. यांनीच सुपारीच्या पडलेल्या झाडावरून उतरवून आणली होती. खांबाच्या अलीकडं, खाटेपासून दोन-अडीच हातांवर, माझी विळी. सुपारी सोलायला मी तिथंच बसते, म्हणजे यांनी हाक मारली तर ऐकू येतं. हाक म्हणजे तेच ते. एवढंच यांचं जग.

शेजारचे गजाननभावजी म्हणतात, आजारी माणसाला हलकी वस्तू द्यावी. मलाही आधी तसंच वाटलं. मग कॅटलॉग काढून यांच्यासमोर धरला. शंभरच्या लेन्सपुढं यांच्याच हातची पेन्सिलीची खूण आहे. पण यांनी डोळे मिटून घेतले. मला काही कळेनासं झालंय. भात शिजवावा, यांना भरवावं, धुवावं, पुसावं, यापलीकडं डोकं चालत नाही. तू ठरव.

फणसाचे पापड गजाननभावजींच्या बरोबर धाडते. जावयाच्या घरी जाताहेत बेंगळूरला. मुलांना आशीर्वाद, आणि तुझा जिव्हाळा आहे तसाच ठेव.

नागवेणी

———

बेंगळूर
२७ मे १९९१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गजाननभावोजींच्या हाती खोकं दिलंय, सांभाळून उतरवून घे. ती पेन्सिलीची खूण बघून मीही अडलो होतो. शंभरचीच घ्यावी, त्यांची इच्छा ती, असं वाटत होतं. पण अक्का, ती खूण चालणाऱ्या माणसानं केली होती. आता बसलेल्या माणसाची लेन्स घ्यायला हवी. म्हणून दोनशेची घेतली. एक स्टुडिओ बंद झाला, त्यांची आहे, मी उघडून पाहिली, काच निर्मळ आहे.

सोबत स्टॅन्ड आहे. आणि एक रबरी फुगा आहे, लांब नळीचा. फुगा दाबला की फोटो निघतो. तो भावोजींच्या उजव्या हातात द्यायचा. चेंडू त्यांनी फेकला, पण हा फेकणार नाहीत असं मला वाटतं. डाव्या हातानं लेन्सचं कडं फिरवायचं, उजव्यानं फुगा. रीळ पुढं न्यायची दांडी मात्र अंगठ्यानं ओढावी लागते, ती प्रत्येक फोटोनंतर तू ओढ.

एकच लक्षात ठेव. आपल्याकडचा पाऊस. काचेच्या आत एकदा बुरशी शिरली की ती काच खाते, मग मीच काय, कुणीच काही करू शकत नाही. लेन्स कोरड्या जागी ठेव.

पापडांचा पहिल्याच दिवशी फडशा पडला. थोरला विचारतो, आत्याकडं कधी जायचं. तुमची नजर आमच्यावर असू द्यावी.

रमण

———

होसतोट
१९ ऑगस्ट १९९१

चि. रमण यास अ. आ.

पत्राला उशीर झाला. पाऊस थांबतच नाही. सुपारी कुजवणारा कोळे रोग लागू नये म्हणून दोनदा औषध मारून झालं, गडी मिळत नाहीत. भिंतींना ओल आहे, उशीला वास येतो, काड्यापेटी ओढली तर पेटत नाही.

तुला लिहायला जीव धजत नाही, पण लिहिते. लेन्स यांनी हातात धरली नाही. खोकं उघडून दाखवलं, डाव्या हातानं दूर सारलं आणि भिंतीकडं वळले. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले. तू एवढा जीव ओतून निवडलीस.

वस्तूची काळजी करू नकोस. बुरशीचं तुझं वाक्य माझ्या ध्यानात आहे. या घरात पावसाळ्यात जी एकमेव कोरडी जागा आहे, तिथं ठेवलीय, मिरीच्या नि पापडांच्या डब्यांशेजारी. तिथं बुरशीची काय बिशाद.

टाचेचं कुरूप अजून तसंच. चालताना टोचतं. तुम्ही सगळे खुशाल असा आणि आम्हाला विसरू नका.

नागवेणी

———

होसतोट
२२ ऑक्टोबर १९९१

चि. रमण यास अ. आ.

आनंदाची बातमी सांगू की माझ्या मूर्खपणाची, कळत नाही. परवा सकाळी यांनी मान वळवली. ऑर्किडला कळीचा दांडा फुटलाय, तो यांना दिसला असावा. खांबाकडं बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्याशी मूठ नेली आणि म्हणाले, ते. मी लगेच ओळखलं. वर्षभरात पहिल्यांदा यांनी काहीतरी मागितलं. तशीच शिडी लावून माळ्यावर चढले.

रमण, चुलीवरचा माळा. मिरी, वेलदोडा, पापड, बियाणं, सगळं पावसाळ्यात तिथंच ठेवतो की आपण. धुरानं बुरशी धरत नाही, एवढंच मला ठाऊक. खोकं उघडलं तर लेन्सला धुराचा वास, काचेवर पिवळट तवंग. काच मऊ कापडानं पुसली, बरीचशी निघाली. पण आत ज्या बारीक पात्या असतात ना, उजेड कमी-जास्त करणाऱ्या, त्या तेलकट होऊन मागंच चिकटल्यात. कडं फिरवलं तरी हलत नाहीत.

तुझी एवढी महाग वस्तू मी पापडासारखी भाजून ठेवली. यांना कसं सांगू तेही सुचेना. पण यांनी लेन्स नाकाशी नेली, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि रमण, हे हसले. तोंड एकाच बाजूनं वळतं, पण हसले. दुरुस्तीला धाडू का ते कळव. रागावलास तरी पत्र टाकायचं सोडू नकोस.

नागवेणी

———

बेंगळूर
३० ऑक्टोबर १९९१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागावू कुणावर? तसल्याच चुलीच्या धुरात मी वाढलो. कोरडी जागा म्हटल्यावर होसतोटची बाई दुसरीकडं कुठं ठेवील, हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं बेंगळुरात राहून मी शहाणा झालो असं नुसतं वाटतं. उष्णतेनं आतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरलंय. उघडून धुवावं लागेल, इथंच होईल ते.

पण आत्ता धाडू नकोस. भावोजींनी मागितलीय ना, मग हातातून काढून घेऊ नकोस. पात्या उघड्याच राहिल्या म्हणून फोटो निघायचं अडत नाही. पडवीत उजेड कमी, तेव्हा एका परीनं बरंच. फक्त एवढंच होईल की ज्यावर नेम धराल तेवढं एक टोक स्वच्छ येईल आणि त्याच्या मागचं-पुढचं सगळं धूसर. रीळ पाठवलंय. संपलं की मला धाड, मीच धुईन. तुमचा आशीर्वाद पाठीशी राहू दे.

रमण

———

होसतोट
१८ डिसेंबर १९९१

चि. रमण यास अ. आ.

रीळ संपलं, सोबत धाडते. यांचा उजवा हात फुगा दाबतो. बोटं अजून उघडत नाहीत, पण दाबतात. डॉक्टरही खूश झाले. सुपारीची काढणी सुरू आहे, उकडणं, वाळवणं, सोलणं, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. मी विळीवर बसलेली असते, यांचं मागं चाललेलं असतं. फूस करून फुगा वाजला की उठायचं, दांडी ओढायची, परत बसायचं. काय टिपतात ते बघायलाही होत नाही. खांबावरचं फूल असणार, दुसरं आहेच काय.

पण यांचा स्वभाव चिडका झालाय. माझं विळीवर बसणं आता यांना खपत नाही. एक पाय विळीच्या पाटावर, दुसरा मागं दुमडलेला, तळवा यांच्याकडं होतो. तर सारखं माझ्या पायाकडं बोट आणि ते, ते. मी समजले, नवऱ्याकडं पाय केला म्हणून. पाय लुगड्याखाली घेतला तर आणखी चिडले, तक्क्या फेकला. काल मीही बोलले, रमण. म्हटलं, वर्षभर तुमचं सगळं काढतेय, आता या वयात मानपान कसले. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रात्रभर मलाही झोप नाही.

खूप थकलेय रे. टाच ओली होते आता, फडकं बांधते. काढणी उरकली की बघू. माया पातळ होऊ देऊ नकोस.

नागवेणी

———

बेंगळूर
२ जानेवारी १९९२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र गजाननभावोजींच्या जावयाबरोबर हातोहात धाडतोय. बसून वाच.

रीळ धुतलं. पहिला फोटो कळीचा. दुसरा काहीतरी काळं, बाकी सगळं धूसर. दुकानातला सोबती म्हणाला, फुकट गेला, फेक. तिसरी अर्धी उमललेली कळी, चौथं परत तेच काळं. सगळं रीळ तसंच आहे, अक्का. एक फूल, एक ते. शेवटी शेवटी ओळखलं. तो तुझा तळवा आहे. भावोजी विळीच्या मागून तुझ्या टाचेचे फोटो काढत होते, आणि दांडी तू स्वतः ओढत होतीस.

मलाही आधी तेलाचा डाग वाटला. पण तेल भेगांत उतरतं. हा डाग भेगा ओलांडून गेलाय, आणि त्याची कड फाटक्या कागदासारखी आहे. कळीच्या वेळी तो वाटाण्याएवढा होता. फूल उमललं तेव्हा कड पुढं सरकलेली. फूल सुकलं त्या फोटोत मधोमध लाल, ओलं दिसतं. तेलाचा डाग असा वाढत नाही. ज्या माणसानं जन्मभर किडे-कळ्या कशा वाढतात ते पाहिलं, त्याला हे दिसलं. सांगता येईना म्हणून त्यानं फुलाशेजारी ठेवून दाखवलं. ते, ते म्हणजे हेच होतं अक्का. तुझा पाय त्यांच्याकडं झाला म्हणून ते चिडत नव्हते.

आमच्या दुकानात एक त्वचेचे डॉक्टर येतात, रोग्यांचे फोटो काढायला त्यांना अशीच लेन्स लागते. त्यांना फोटो ओळीनं लावून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. तुकडा काढून तपासल्याशिवाय नाव घेणार नाही म्हणाले, पण काढणी-बिढणीसाठी थांबवू नका, तिला घेऊन या, असं दोनदा सांगितलं. मला भीती वाटतेय, ती लपवत नाही.

भावोजींच्या बहिणीला, गिरिजक्कांना, तार केलीय, त्या भावासाठी येऊन राहतील. मी शनिवारच्या गाडीनं निघतो. नाही म्हणू नकोस. सुपारी झाडावर राहिली तर राहू दे. बाकी भेटल्यावर.

रमण

———

बेंगळूर
९ फेब्रुवारी १९९२

श्री. सुब्राय हेगडे यांस सौ. नागवेणीचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. हे पत्र गिरिजक्का वाचून दाखवतील, म्हणून जपून लिहिते. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्न झाल्यापासून मी कुठं गेले तेव्हा ना.

तुकडा तपासला. वाईटच निघालं. टाचेचा भाग कापून काढला, मांडीची कातडी तिथं लावली. जांघेतल्या गाठी तपासल्या, त्यांत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणतात, वरवर होतं तोवर आणलंत, आणखी काही महिने तेल लावत बसली असती तर पाय काय, जीवही आमच्या हातात नव्हता. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. पुन्हा येणार नाही असं वचन कोणी देत नाही. मला मरायची फार भीती वाटली. तुम्हाला कोण धुईल-पुसेल, याची त्याहून.

पाय उशीवर ठेवून पडलेय. रमणची बायको काही करू देत नाही. समोर भिंत आहे, हिरव्या रंगाची. दिवसभर तिच्याकडं बघते. तिकडं तोंड करून का पडायचात ते आता थोडं कळतं. कुणाला काही सांगावंसं वाटत नाही, इतका शीण येतो.

रमणनं फोटो दाखवले. तुम्ही बोट दाखवत होतात आणि मी पाय लपवत होते. तुम्हाला बोलले ते रमणला लिहिलं, पण तो तक्क्या मी परत तुमच्या अंगावर टाकला होता, हे लिहिलंच नाही. माफ करा म्हणायचं तरी कसं, तुम्हाला तोंडानं हो-नाहीही म्हणता येत नाही. इतक्या वर्षांत माझा एक फोटो नाही म्हणून कुरकुरायची, आता आहेत, पण सगळे टाचेचे. रमणची बायको हसून हसून दमली.

मला न्यायला आला तेव्हा रमणनं लेन्स धुवायला मागितली तर तुम्ही ती पोटाशी धरलीत म्हणे. असू दे. औषध वेळेवर घ्या, अक्कांवर डोळे वटारू नका, आणि पायांपाशी जागा ठेवा.

तुमची,
नागवेणी

———

होसतोट
१८ फेब्रुवारी १९९२

सौ. नागवेणीस गिरिजेचा आशीर्वाद.

पत्र तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. एकदा वाचून भागलं नाही. पत्राला बोट लावून 'ते' म्हणाला, की परत वाचायचं. माझा घसा बसला. तू हे वर्षभर कसं केलंस बाई, मला महिन्यात कंबर धरायची वेळ आली. पूर्वी तुझ्या हाताला चव नाही असं मी म्हटलं असेन, ते शब्द मागं घेते. तो माझ्या हातची ताकातली तंबळी थुंकतो.

तुझी विळी आहे तिथंच आहे. सोलणाऱ्या बायका तिथं बसायला गेल्या तर यानं असा आरडाओरडा केला की त्या अंगणात जाऊन बसल्या. कॅमेरा रिकाम्या जागेकडं रोखून ठेवलाय. काल फुगा दाबत होता. मी म्हटलं रीळ नाही, काय निघणार, आणि दांडी ओढायला गेले तर माझा हात बाजूला केला. ते काम तुझं आहे, असं दिसतं.

मी विचारलं, नागवेणीला रीळ आणायला लिहू का. मान हलवली. चेष्टेनं म्हटलं, परत टाचच काढणार का रे. तर मानेनंच नाही, नाही. मग डावा हात उचलून स्वतःच्या गालावरून फिरवला आणि तुझ्या विळीकडं बोट केलं. ते. मलासुद्धा कळलं.

रमणला विचारलं होतं, तो कळवतो की त्या भाजलेल्या लेन्सनं तोंड काढायला गेलं तर फार तर एक डोळा स्वच्छ येईल, बाकी सगळं धूसर होईल. मी ते याला सांगितलं. याला तेवढं पुरतंय. पाय नीट बरा झाल्याशिवाय निघू नकोस, पण बरा झाल्यावर एक दिवसही थांबू नकोस. येताना रीळ विसरू नकोस, आणि या म्हातारीवर थोडा लोभ करायला आतातरी शीक.

गिरिजा